मुठाण धरा

ता. ३ फेब्रुवारी

आदरणीय ताईंना,

हे पत्र पाहून आपणास आश्चर्य वाटेल, कदाचित रागही येईल. आपल्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या निधनानंतर मी आपणास एक ओळही लिहिली नाही. सांगण्यासारखे काही नव्हते असे नाही. वाक्ये जुळत नव्हती. आजही ती जुळतील अशी खात्री नाही, तरी कच्चा मसुदा तपासून, पक्का करून पाठवीत आहे.

प्रथम क्षमायाचना. हिच्या अखेरच्या दिवसांत आपण भेटीस आलात. दार मी उघडले आणि एक शब्दही न बोलता आपणासमोर हाताचा तळवा उभा केला. चौकातला पोलीस मोटारी थांबवितो तसा. आपण त्या हाताकडे पाहिलेत, आणलेली पिशवी उंबऱ्याशी ठेवलीत आणि जिना उतरून गेलात. अंत्यविधीच्या वेळीही आपण अगदी मागे उभ्या होतात आणि माझ्याशी न बोलता परतलात. यात आपला काही दोष नाही. सख्ख्या बहिणीला दारातून परतविणाऱ्या माणसाशी कोणी काय बोलावे?

माझ्या वागण्यास एक कारण होते. डॉक्टरांनी घरी नेण्यास सांगितल्यानंतर काही दिवसांनी, एका सकाळी ही मला म्हणाली, "आता मुठाण धरा." हा शब्द हिच्या माहेरचा. शेजारचा रेडिओ बंद झाला, दुपारी रस्ता निजला, की ही म्हणत असे, "कशी मुठाण पडलीय बघा." त्यामुळे मुठाण म्हणजे शांतता, हे मला लग्नापासून ठाऊक होते. 'मुठाण धरा' याचा अर्थ मी 'मौन धरा' असा केला आणि त्याप्रमाणे वागलो. दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिले. घड्याळाचा लंबक काढून ठेवला. कपबशांखाली फलाटिणीचे तुकडे घातले. आणि स्वतः बोलणे थांबविले. माझी सारी नोकरी वजनमापे तपासण्यात गेली; दिलेली आज्ञा अर्धवट पाळणे मला जमत नाही. त्यानंतर ही बरेच दिवस होती. त्या दिवसांत मी हिच्याशी एकही शब्द बोललो नाही, आणि हीही माझ्याशी बोलली नाही. 'मुठाण धरा' हे हिचे मला उद्देशून अखेरचे शब्द ठरले.

माझी विनंती अशी की, या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो आला कोठून, हे आपण कळवावे. माझ्या बोलण्याचा हिला कंटाळा आला होता काय, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. उत्तर होकारार्थी असले तरी हरकत नाही. काटा किती चुकतो हे कळले की त्या काट्यावरही काम भागते. आमच्या खात्यात असेच मानीत.

आपल्या प्रकृतीस जपावे.

आपला,
धाकटीचा यजमान

*

ता. १४ फेब्रुवारी

जावईबापू,

पत्र पोचलं. एवढं मोठं पत्र मला आजवर फक्त वीज कंपनीनं पाठवलंय.

मुठाण म्हणजे गप्पपणा. आमच्याकडची जुनी माणसं म्हणायची. आता कोणी म्हणत नाही. कुठून आला ते मला ठाऊक नाही. आम्ही विहिरी खणल्या, शब्द नाही खणले.

दाराचं मनात ठेवू नका. त्या पिशवीत लोकरीचे मोजे होते. तिचे पाय लहानपणापासून गार पडायचे. घातले होते का?

माझा गुडघा धरलाय. दुकानात पंपवाल्यांची ये-जा चालू आहे. फोन करू नका, फोनवर मला बोलता येत नाही. तुम्हाला तर समोरही येत नाही.

जेवत जा.

ताई

*

ता. २६ फेब्रुवारी

आदरणीय ताईंना,

आपले पत्र मिळाले. मोजे त्याच दिवशी हिच्या पायांत घातले. ते शेवटपर्यंत होते.

आपण अर्थ कळविलात, व्युत्पत्ती कळविली नाहीत. ती शोधण्यासाठी मी वाचनालयात गेलो. तेथील ग्रंथपाल बाईंपुढे मी शब्द लिहिलेली चिठ्ठी सरकविली. त्यांनी ती वाचली, मग माझ्याकडे पाहिले. "काका, घसा बसलाय का?" मी मान हलविली. "मग मीठ-पाण्याच्या गुळण्या करा, कोशात काही सापडायचं नाही," असे म्हणून त्यांनी तरीही चार जाडजूड ग्रंथ आणून दिले. त्यांचे म्हणणे खरे ठरले. मुठाण कोठेही नाही.

त्यामुळे स्वतःच तर्क केला. 'मूक' या शब्दापासून हा निघाला असावा. 'मूढ' पासूनही निघू शकेल. स्तब्ध, जड झालेला असा त्याचा एक अर्थ आहे. 'मुष्टि' म्हणजे मूठ, हीही शक्यता तपासली; परंतु मुठीचा आणि शांततेचा संबंध दिसत नाही, म्हणून ती सोडून दिली. मूक असो वा मूढ, निष्कर्ष एकच निघतो आणि तो आपल्या उत्तराशी जुळतो. हिने मला गप्प बसण्यास सांगितले. प्रश्न मिटला.

मिटला म्हणून पुढील व्यवस्था करीत आहे. ज्या माणसास हिने अखेरीस गप्प बसविले, त्याने हिच्या वस्तू सांभाळीत बसणे मला उचित वाटत नाही. हिचे शिलाई यंत्र, कात्र्या, कपडे आणि माहेरून आणलेली पेटी महिनाअखेरीस टेंपोने आपल्याकडे येईल. भाडे मी येथेच देत आहे. एक लहान पितळी घंटी मात्र मी ठेवून घेत आहे. आजारपणात हिला मला बोलाविता यावे म्हणून खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत दोरी ओढून मी ती बांधली होती. तीही हिने त्याच सकाळी काढावयास लावली. ती मीच विकत घेतली होती, म्हणून माझी.

आपणास आणखी तसदी देणार नाही.

आपला,
धाकटीचा यजमान

*

ता. २ मार्च

जावईबापू,

टेंपोवाल्याला नाही म्हणा. आजच्या आज म्हणा. शिलाई मशीन माझ्या दारात आलं तर उलट्या पावली परत पाठवीन आणि दोन्ही वेळचं भाडं तुमच्याकडून घेईन.

घंटी काढायला लावली, हे आधी का नाही लिहिलंत? पहिल्या पत्रात बिजागऱ्या आल्या, लंबक आला, कपबशासुद्धा आल्या. घंटीच तेवढी राहिली?

घंटी काढली, मग दोरी कुठं गेली? तिचं टोक कुणाकडे होतं? ती नक्की काय म्हणाली, आधी काय आणि मग काय, तुम्ही कुठं बसलात, दोरी ओढली गेली की तुम्ही काय केलंत, सगळं लिहा. दुकानादुकानांतून काटे तपासायला जायचात आणि त्याचा अहवाल लिहायचात ना, अगदी तसं. सुंदर लिहू नका, घडलं तसं लिहा.

मी दुकान बंद करून हे पत्र टाकायला जातेय, यावरून काय ते समजा.

ताई

*

ता. ९ मार्च

आदरणीय ताईंना,

टेंपो रद्द केला आहे. आपल्या आज्ञेप्रमाणे वस्तुस्थिती लिहितो.

हिची खाट खिडकीलगत होती. दोरी सुती, बोटाएवढ्या जाडीची. तिचे एक टोक खाटेच्या कठड्याला, हिच्या हाताशी. तेथून दाराच्या चौकटीवरील दोन आकड्यांतून ती स्वयंपाकघरात जाई आणि तेथे घंटीला बांधलेली होती.

त्या सकाळी मी हिला वर्तमानपत्रातील लहान जाहिराती वाचून दाखवीत होतो. हिला त्यांची करमणूक वाटे. एका जाहिरातीवर, 'सुस्थितीतील कपाट, चावी हरवलेली', ही हसलीही. मग म्हणाली, "घंटी काढा आता." मी काढली. मग म्हणाली, "ते टोक तुमच्यापाशी ठेवा." मी विचारले, "कशासाठी?" ती म्हणाली, "ठेवा हो. तुमचं मेलं सारखं कशासाठी." काही वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली आणि मग ते वाक्य म्हणाली.

मी वर्तमानपत्र घडी करून ठेवले आणि खोलीच्या दाराबाहेर, घरातल्या बोळात खुर्ची टाकून बसलो. घंटीचा आवाज नको, माझा नको, त्या अर्थी मी समोरही नको, असे मी मानले. खुर्चीवरून हिची खाट दिसत नसे. दोरीचे टोक मी डाव्या हाताच्या तर्जनीला गुंडाळून घेतले.

दोन झटके आले तर पाणी. बरेच झटके आले तर कूस बदलायची. हे ठरविलेले नव्हते, हळूहळू कळत गेले. या व्यतिरिक्त, दिवसातून पुष्कळ वेळा, दोरी एकदाच आणि सावकाश ओढली जाई. मी उठून जाई आणि भुवया उंचावून 'काय हवे' असे विचारी. ही मान हलवी. काही नको असे. कधी कधी हसत असे. विनाकारण उठविले याबद्दलची ती दिलगिरी असावी, असे मी समजलो. मी परत येऊन बसे.

अखेरच्या दुपारीही दोरी तशीच एकदा, सावकाश ओढली गेली. मी गेलो. हिने माझ्याकडे पाहिले. काही नको होते. मी परत येऊन बसलो. त्यानंतर दोरी हलली नाही. हिने ती मनगटाभोवती गुंडाळली होती, त्यामुळे ती सैल पडली नाही, म्हणून मला समजले नाही. मी बसून होतो. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या परिचारिका बाई नेहमीप्रमाणे डोकावल्या. त्यांनी सांगितले.

दोरी अद्याप तेथेच आहे. खाटेकडचे टोक कठड्याला आहे. दुसरे, मी बसलेला नसेन तेव्हा खुर्चीच्या हाताला बांधतो. दिवसा बहुधा बसलेला असतो.

आणखी एक गोष्ट, आपण विचारलेली नाही, परंतु अहवाल पुरा व्हावा म्हणून लिहितो. मी अद्याप बोलत नाही. घसा ठीक आहे. वाण्याला चिठ्ठी देतो. अंत्यविधीला आलेल्यांना मान हलवून उत्तरे दिली, त्यांना ते पुरेसे वाटले. यात हट्ट नाही. धरा, असे मला सांगितले गेले. केव्हा सोडा, हे सांगितले गेले नाही.

आपला,
धाकटीचा यजमान

*

ता. १५ मार्च

जावईबापू,

तुमचं पत्र दुकानात उभ्यानं वाचलं. समोर गिऱ्हाईक होतं, वॉशर मागत होतं. त्याला म्हटलं, उद्या ये बाबा.

मी तुम्हाला खोटं लिहिलं. म्हणजे अर्धं लिहिलं, ते खोट्याहून वाईट. आता पुरं लिहिते.

बाप विहिरी खणायचा हे तुम्हाला माहीत आहे. लग्नात तुमच्या मामांनी नाक मुरडलं होतं त्यावरून, तेही मला आठवतं, असो. विहिरीत उतरलेला माणूस डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त काम करतो. दगड कसा बोलतोय, कडेची माती झरायला लागली का, पाण्याची चाहूल लागतेय का. वर काठावर कोणी तोंड उघडलं की तो आवाज विहिरीत पडतो आणि खालच्याला काहीएक कळेनासं होतं. म्हणून काठावर एकच माणूस, दोर मुठीत आणि तोंड बंद. ती मुठाण. मुठीवरून. तुम्ही मुष्टि का काय ते तपासून सोडून दिलंत ना, तेच. शिकलेल्या माणसाचं असंच होतं, हातचं सोडायचं आणि पळत्याच्या पाठी लागायचं.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तुम्हाला सांगायचं नव्हतं. का, तेही सांगते.

मुठाण पडते ती कुठेही पडते, रेडिओ बंद झाला तरी पडते. पण 'मुठाण धर' असं कोणीही कोणालाही म्हणत नाही. ते फक्त खाली उतरणारा म्हणतो, उतरायच्या आधी, आणि एकालाच म्हणतो. काठावर दहा माणसं असली तरी एकालाच. ज्याच्या हातात दोर असला म्हणजे खाली जायची छाती होते, त्याला. बाप आईला म्हणायचा. बापाचे गुडघे गेले तेव्हा धाकटी उतरायला लागली, अंगानं काटकुळी होती, कुठल्याही फटीत मावायची. ती मला म्हणायची. "ताई, मुठाण धर, आणि शिंकू नकोस." ती शिलाईकाम शिकली, तुमच्याकडे आली, तोवर तिचा दोर दुसऱ्या कोणाच्या हातात गेला नाही.

दोर धरलेल्याजवळ कोणी आलं तर तो तळवा उभा करतो. बोलायचं नसतं ना. आलेल्यानं काही न विचारता मागं फिरायचं. तुम्ही दार उघडलंत आणि तळवा उभा केलात. जावईबापू, मला वाटलं हिनं तुम्हाला सगळं शिकवलं. म्हणजे ती उतरायला निघाली. आणि दोर तुमच्याकडे. मी पिशवी ठेवली आणि फिरले. दाराचं मनात ठेवू नका असं लिहिलं, जसा काही राग आलाच नव्हता, तेही खोटं. आला होता. तुमचा नाही, तिचा. जन्मभर मी धरला आणि शेवटी हा काटेवाला, जो कधी विहिरीत वाकूनसुद्धा बघत नाही, चक्कर येते म्हणतो.

आता ते सावकाश एकदा ओढणं. तुमच्या अहवालातली ती ओळ वाचून मी खाली बसले. दोन झटके पाणी, बरेच झटके कूस, ते तुमचं तुम्ही बसवलंत. पण सावकाश एकदाच ओढलं की त्याचा अर्थ एकच, आमच्या आजाच्या आधीपासूनचा. आहेस का? त्यावर वरच्यानं तसंच एकदा ओढायचं. आहे. बास. खालच्याला तेवढंच हवं असतं. तिला काही नको होतं, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. ती विचारत होती, आहात का. आणि तुम्ही दोरीनं उत्तर द्यायचं सोडून दर वेळी आख्खेच्या आख्खे उठून तिच्यापुढे जाऊन उभे राहिलात, भुवया वर करून. हसणार नाही तर काय करील ती? दिलगिरी म्हणे.

कंटाळा आला होता का, असं विचारलंत. ज्याचा कंटाळा आलाय त्याच्या हातात कोणी आपला दोर देतं का हो?

आता उरलेलं. खालचा वर आला की पहिलं तो बोलतो, मग मुठाण सुटते. वर आला नाही, तर धरणाऱ्यानं आपल्या मनानं दोर सोडायचा नसतो. आमचा काका असाच एका विहिरीत राहिला, तेव्हा काकू दोर धरून बसली ती बसलीच, कोणाचं ऐकेना. अशा वेळी तिच्या आधी ज्याच्या हातात तो दोर असायचा त्यानं यायचं, तो काढून घ्यायचा, आणि तिच्याशी पहिलं बोलायचं. काकाच्या बाबतीत ती आजी होती. काय बोलायचं याला नियम नाही, फक्त गेलेल्याबद्दल बोलायचं नाही. रोजचंच काहीतरी.

तुमच्या बाबतीत ती मी आहे. अंत्यविधीला मी तेवढ्याचसाठी आले होते. मागं उभी राहिले, तुमचा डावा हात रिकामा असून दोर धरल्यासारखा मिटलेला बघितला, आणि तशीच घरी आले. तो दोर काढून घेतला असता तर ती वर येत नाही, हे माझ्या हातांनी झालं असतं. म्हणून नाही घेतला. तुम्ही अजून धरून बसाल, बोलणं टाकाल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. दुसरा कोणी असता तर कधीच उठला असता.

शनिवारच्या गाडीनं येते. स्टेशनवर येऊ नका. बसल्या जागी बसा.

ताई

*

ता. १९ मार्च

आदरणीय ताईंना,

आपले पत्र पोहोचले. ते पुनःपुन्हा वाचले. वाचून मला काही वाटले, असे लिहिणे खोटे होईल. अद्याप काही वाटत नाही. मजकूर समजला, एवढे निश्चितपणे सांगू शकतो. हिने मला घालवून दिले नव्हते, हे समजले.

आपल्या येण्याविषयी एक शंका आहे. दोर काढून घेतला गेल्यानंतर काठावरचा माणूस काय करतो, हे आपण लिहिलेले नाही. आपल्या काकूंनी काय केले? मी सोडावयास तयार आहे किंवा कसे, हे मला ठाऊक नाही. ही अवस्था अंगवळणी पडली आहे, आणि तिच्यात तसा त्रास काही नाही. खुर्चीत बसले की दिवस जातो. आपला गुडघा दुखत असल्यास प्रवास पुढे ढकलावा. माझी तक्रार नाही.

काल आपले पत्र घेऊन खुर्चीत बसलो आणि आपण लिहिल्याप्रमाणे दोरी एकदा, सावकाश ओढून पाहिली. खाट थोडी हलली. तेवढेच.

दार नुसते लोटलेले असेल. बिजागऱ्यांना तेल दिलेले असल्यामुळे ते उघडताना आवाज होत नाही. मला आपली चाहूल लागली नाही तर गैरसमज नसावा.

आपला,
धाकटीचा यजमान

*

ता. २८ मार्च

आदरणीय ताईंना,

आपण सुखरूप पोहोचलात आणि दुकान पूर्ववत सुरू झाले, असे गृहीत धरतो.

आपण येथे असताना मला एक प्रश्न विचारलात, त्याचे उत्तर मी दिले नाही. कोपऱ्यावरून साबण आणावयास इतका वेळ का लागला, असा तो प्रश्न होता. उत्तर देणे माझ्याकडे बाकी आहे. तोंडी जमले नाही, म्हणून लिहितो.

आपण आत आलात, माझ्या बोटावरचे वेढे एकेक करून सोडविलेत, दोरी स्वतःच्या मुठीत घेतलीत आणि म्हणालात, "हात धुऊन घ्या." त्यावर मी जे बोललो, 'साबण संपला आहे', ते इतक्या काळातील माझे पहिले वाक्य. ते याहून बरे असावयास हवे होते. परंतु साबण खरोखरच संपलेला होता. आपण हसलात. मग खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिलात आणि दोरी एकदा ओढलीत. मी ते पाहिले. मग मागे न वळता म्हणालात, "मग उभे काय राहिलात? घेऊन या की."

मी दुकानात गेलो. वाण्याने सवयीप्रमाणे चिठ्ठीसाठी हात पुढे केला. चिठ्ठी नव्हती. "साबण," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिले, परंतु शहाणा माणूस आहे, आश्चर्य दाखविले नाही. "कोणता देऊ?" फळीवर साबणांच्या वड्या ओळीने रचलेल्या होत्या. आमच्या घरी कोणता येत असे, हे मला माहीत नव्हते. साबण नेहमी हीच आणत असे. मी म्हणालो, "घरी विचारून सांगतो."

आणि दुकानातून निघालो. रस्ता ओलांडला. जिना चढू लागलो. मधल्या वळणावर, जेथे वीजमीटरांची पेटी आहे, तेथे माझ्या ध्यानात आले की मी काय बोललो आणि कोणाला विचारावयास निघालो आहे.

मी तेथे उभा राहिलो. आपण वर होतात, दार लोटलेले होते. आपणास विचारता आले असते, परंतु मी आपणास विचारावयास निघालो नव्हतो. कठड्याला धरून होतो. मग हात सुटला आणि मी पायरीवर बसलो. तेव्हा मला रडू आले. बराच वेळ आले. त्याचा आवाज होत होता आणि मी तो होऊ दिला.

वरच्या मजल्यावरच्या परिचारिका बाई कामावर निघाल्या होत्या. त्या माझ्या वरच्या पायरीवर थांबल्या. त्यांना उशीर झाला असावा, तरी थांबल्या. माझे थोडे निवळल्यावर म्हणाल्या, "काका, इथं का बसलात? कोणाची वाट बघताय का?"

मी म्हणालो, "नाही."

त्यांना वाट करून दिली, त्यांच्यामागून खाली उतरलो, आणि वाण्याला सांगितले, कोणताही द्या.

आपला,
धाकटीचा यजमान